स्पेसर टाकल्यावर टकटक, भरकटणं आणि तिरपी गाडी: शॉकअप बदलण्याआधी एवढं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 2019 ची स्कॉर्पिओ एस-11, टू-व्हील ड्राइव्ह, सव्वा लाख किलोमीटर चाललेली. पाच महिन्यांपूर्वी गाडी उंच करायला पुढे शॉकअपच्या डोक्यावर 25 मिलिमीटरच्या लोखंडी चकत्या आणि मागे स्प्रिंगला 40 मिलिमीटरचे स्पेसर बसवले. टायर 235/65 आर 17 चे काढून 245/70 आर 17 चे टाकले. तेव्हापासून स्पीड ब्रेकर उतरताना पुढे डावीकडून ‘टक्’ येतं, ऐंशीच्या पुढे गाडी सरळ राहत नाही, पुढची उजवी बाजू बोटभर खाली दिसते. आणि एवढं करून मळ्याच्या वाटेवर मागचं डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा) घासायचं ते घासतंच. बसवणाऱ्याने आधी ‘सेट व्हायला वेळ लागतो’ म्हणून पाठवलं, आता चारही शॉकअप बदला म्हणतोय.

शॉकअप घेऊ नका. निदान आज तरी नको. आणि ‘सेट व्हायला वेळ’ हे वाक्य डोक्यातून काढून टाका. नवी स्प्रिंग थोडी बसते, हे खरं. तुमची स्प्रिंग सव्वा लाख किलोमीटर जुनी आहे आणि मध्ये घातलेली चकती लोखंडाची आहे. त्यात बसण्यासारखं काही नाही. पाच महिन्यांत काही हललंच असेल तर ते सैल झालेलं आहे.

मी बावीस वर्षं सस्पेन्शनचंच काम करतो. स्पेसरची गाडी आली की आवाज कुठून येतो हे मी नंतर विचारतो, आधी विचारतो कधी येतो. चाक खड्ड्यात लटकतं तेव्हा, की दणका बसून वर दाबलं जातं तेव्हा, की नुसती गाडी चालू असताना? कारण डोक्यावरच्या चकतीने शॉकअप एक मिलिमीटरही लांब होत नाही. अख्खा शॉकअप, स्प्रिंगसकट, आहे तसा खाली सरकतो. म्हणजे चाक वर जाण्याची हद्दही खाली सरकते आणि लटकण्याची हद्दही. कंपनीने बॉल जॉइंट (चाकापाशी फिरणारा सांधा), टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाक वळवणारी दांडी), ब्रेकचा पाइप हे सगळं जुन्या हद्दीचा विचार करून बसवलेलं असतं. लटकताना चाक आता त्या हद्दीच्या खाली जातं. तुमचा ‘टक्’ ब्रेकर चढताना येत नाही, उतरताना येतो, ही मोलाची खूण तुम्ही स्वतःच लिहिली आहे.

किती खाली जातं, याचा हिशोब पुष्कळांचा चुकतो. 25 ची चकती म्हणजे 25 ची उंची, असं धरून चालतात. पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मनी धरलेलं असतं. शॉकअपचं खालचं टोक आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसलेलं असतं, चाकापाशी नाही. टेप घ्या आणि खालच्या आर्मच्या आतल्या बुशपासून (चेसिसकडच्या रबरी सांध्यापासून) बॉल जॉइंटपर्यंत मोजा, मग त्याच बुशपासून शॉकअपच्या बोल्टपर्यंत मोजा. दुसरं माप पहिल्याच्या साधारण 60 टक्के भरलं तर 25 भागिले 0.6, म्हणजे चाकापाशी जवळजवळ 42 मिलिमीटर. म्हणून पुढे 25 आणि मागे 40 टाकूनही तुमची गाडी पुढे झुकलेली दिसत नाही. विकणाऱ्याने जोडी बरोबर दिली आहे, त्याचं श्रेय त्याला देऊ. डस्टरसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत, जिथे शॉकअप थेट चाकापाशीच जोडलेला असतो, मात्र 25 टाकले की उंची जवळपास 25 च मिळते. डस्टरवाल्या मित्राचं ऐकून स्कॉर्पिओत 40 ची चकती घालणारे माझ्याकडे येतात. आले की मी पहिल्यांदा चकती काढतो.

आता ‘टक्’. गाडी चेसिसखाली घोडे (लोखंडी स्टँड) लावून उचला, पुढची दोन्ही चाकं लटकू द्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, हे दरवेळी सांगतो आणि दरवेळी कुणीतरी शिरतंच. बॉनेट उघडा. शॉकअपच्या डोक्यावरचे नट दिसतील. एकाने बोटं चकती आणि चेसिसच्या सांध्यावर ठेवायची, दुसऱ्याने खालून चाकाला पहार लावून वर-खाली करायचं. सांध्यात केसाएवढी हालचाल असली तरी बोटाला कळते, डोळ्यांना दिसत नाही.

नट घट्ट आहेत म्हणून समाधान मानू नका. मागच्या पावसाळ्यात अगदी अशीच एक गाडी आली होती. नटाला टॉर्क पाना लावला, खटकन वाजला, माप बरोबर. पोऱ्या म्हणाला, नट ठीक आहेत. मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक चकतीच्या कडेला घालून दाबलं तर चकती सरकली. नट उघडून बघितले. चकतीसोबत आलेल्या बोल्टला वरपर्यंत आटे नव्हते. नट आट्यांच्या शेवटावर जाऊन अडकला होता, पाना त्यालाच घट्टपणा समजत होता आणि चकतीवर दाब शून्य होता. तीन जाड वायसर टाकले, आवाज बंद. खर्च सांगायला लाज वाटेल एवढा. तुमच्याकडे एक-एक नट पूर्ण काढून बोल्टवर आटे कुठपर्यंत आहेत ते बघा. नट संपूर्ण बसल्यावर वर दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत आणि खाली मोकळे उरले पाहिजेत.

दुसरं कारण रंगाचं. स्वस्त चकत्यांवर पावडर कोटिंगचा जाड थर असतो. तो दाबाखाली हळूहळू चेपतो आणि नटाचा ताण उतरतो. म्हणून पहिल्या 500 किलोमीटरवर नट पुन्हा ताणावेच लागतात. तुमच्याकडे कुणी बोलावलं होतं का? मला वाटत नाही.

इथे काही सापडलं नाही तर अँटी रोल बारच्या (डावी-उजवी बाजू जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) दोन्ही लिंक सोडा, बार वर तारेने बांधून ठेवा आणि गल्लीतल्या ब्रेकरवरून दहाच्या वेगाने गाडी न्या. आवाज गेला तर लिंक किंवा बारचं बुश दोषी. फक्त गल्लीत, हायवेला जायचं नाही, बारशिवाय गाडी वळणावर भयंकर झुकते. एकाच बाजूची लिंक सोडून ही परीक्षा करू नका, फसाल.

तरीही आवाज आहे? मग लटकलेल्या अवस्थेत वरचा आर्म कशाला टेकतोय ते शोधा. उघड खूण असते: रंग उडालेला, चकचकीत घासलेला ठिपका. तो दिसला नाही तर स्वयंपाकघरातून कणकेचे दोन गोळे आणा. खरंच. आधी जॅकने चाक चालू उंचीला उचला, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक गोळा आर्म आणि स्प्रिंगच्या मध्ये चिकटवा, दुसरा आर्म आणि चेसिसच्या मध्ये. मग चाक पूर्ण लटकू द्या, परत वर घ्या आणि गोळे काढून बघा. जिथे कणीक पातळ पापड झाली, तिथे धातू धातूला भेटतोय. पाच-सहा मिलिमीटर जाडी उरली असेल तर ती जागा सोडून द्या. याच वेळी वरच्या बॉल जॉइंटचं रबर फाटलंय का, आणि ब्रेकचा पाइप व एबीएसची तार ताणून सरळ रेषेत आली आहे का, तेही बघून घ्या. पाइप तंतोतंत ताणलेला दिसला तर बाकीची सगळी चिकित्सा थांबवा, आधी त्याची क्लिप खाली घ्या किंवा लांब पाइप टाका.

आर्म टेकतच असेल तर त्यावर दोनच इलाज. चकती पातळ करा किंवा वरचा आर्म जास्त झुकणाऱ्या बॉल जॉइंटचा घ्या. आर्म घासून जागा करून देणारे मिस्त्री आहेत. त्यांच्यापासून लांब राहा.

आता बुश. गॅरेजवाल्यांची सगळ्यात मोठी चूक इथे असते, आणि मीही ती केली आहे. स्वतःच्याच गाडीवर. आर्मच्या बुशमधलं रबर बाहेरच्या नळीला आणि आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी चेसिसला जखडली जाते, आणि त्यानंतर आर्म वर-खाली होताना रबर पिळलं जातं. म्हणून बोल्ट आवळायचा तो चाकं जमिनीवर, गाडीचं वजन चाकांवर असताना. मी घाईत लिफ्टवरच, चाकं लटकलेली असताना सगळं आवळलं. महिनाभर गाडी करकरत होती, मी बॉल जॉइंट बदलला, लिंक बदलली. चौथ्या महिन्यात बुशचं रबर चिरून बाहेर आलं तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

तुमची उजवी बाजू खाली असण्याचं मूळही बहुतेक इथेच आहे. लटकलेल्या अवस्थेत आवळलेलं बुश जमिनीवर आल्यावर स्प्रिंगसारखं काम करतं, आर्मला खाली ढकलतं आणि गाडीचा तो कोपरा उचलून धरतं. उलट, ज्या बाजूचे बोल्ट उघडलेच नाहीत, पहार घालून कशीबशी चकती सरकवली, तिथलं रबर अजून जुन्या उंचीला सरळ आहे. ते नव्या उंचीवरून गाडीला खाली ओढत राहतं. डाव्या बाजूचे बोल्ट उघडून हवेत आवळले आणि उजवीकडचे हात न लावता सोडले, अशी गाडी तुमच्यासारखीच दिसते. बोल्टच्या डोक्यावर पान्याच्या ताज्या खुणा एकाच बाजूला आहेत का ते बघा.

इलाज फुकट आहे. गाडी सपाट जमिनीवर किंवा चाकाखालच्या रॅम्पवर उभी करा. पुढचे वरचे-खालचे सगळे आर्म बोल्ट आणि मागच्या लिंकचे बोल्ट एकेक वळसा सैल करा, काढायचे नाहीत. बंपर धरून गाडी चार-पाच वेळा दाबा, हाताने दोन फूट पुढे-मागे ढकला, आणि मग सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापाने आवळा. निम्म्या गाड्यांचं दुखणं इथेच संपतं. हा माझा अंदाज, मोजणी करून ठेवलेली नाही.

उंची मोजताना जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका. टायरच्या हवेत दोन-चार पौंडांचा फरक असला की ते माप खोटं. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, गाडी रिकामी ठेवून. बुश सैल करून आवळल्यावर फरक पाच-सहा मिलिमीटरवर आला तर विसरून जा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि बहुतेक वेळ एकटाच असतो. एवढ्या चाललेल्या गाडीची उजवी स्प्रिंग थोडी जास्त थकलेली असणारच.

फरक तसाच राहिला तर एक जुनी युक्ती. पुढे दिसणारा तिरपेपणा कधीकधी मागून आलेला असतो: मागची एक स्प्रिंग स्पेसरच्या खाचेत नीट बसली नाही, तिचं टोक खाचेच्या भिंतीवर चढून राहिलं, की तो कोपरा वर जातो आणि समोरचा तिरका कोपरा खाली दबतो. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. मागे डिफरन्शिअलखाली एकच जॅक लावून मागची चाकं जमिनीवरून जेमतेम सुटतील एवढंच उचला, आणि पुढची उंची मोजा. गाडी आता मागे एकाच बिंदूवर तोललेली आहे, मागच्या स्प्रिंगा तिला तिरपं करू शकत नाहीत. पुढे फरक गेला तर दोष मागे. राहिला तर दोष पुढेच. ज्या गाडीचं डिफरन्शिअल मध्यापासून बरंच बाजूला आहे, तिथे ही युक्ती फसते. आणि पुन्हा सांगतो, या वेळी गाडीखाली कुणी जायचं नाही.

स्टेअरिंगचं दुखणं अलाइनमेंटचं आहे, पण अलाइनमेंट शेवटी. नट, बुश, आर्म हे सगळं मार्गी लागण्याआधी अलाइनमेंट केलं तर ते पैसे वाया. गाडी उचलली की पुढच्या चाकांचे तिन्ही कोन बदलतात: टो (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली), कॅम्बर (समोरून बघता आत-बाहेर झुकलेली) आणि कॅस्टर (बाजूने बघता चाक वळण्याच्या अक्षाचा मागे कल). आपल्याकडची बरीच दुकानं फक्त टो जुळवतात, स्टेअरिंग सरळ करून देतात आणि ‘झालं साहेब’ म्हणतात. तुमची तक्रार मात्र कॅस्टरची वाटते. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टेअरिंग आपणहून मधे येत नाही आणि वेगात गाडी भरकटते. दुकानात जाऊन आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागा, त्यात डाव्या-उजव्या कॅस्टरचा आकडा असलाच पाहिजे. शिम (पातळ पट्ट्या) असोत की कॅम बोल्ट (फिरवून आर्म सरकवणारे), गाडीत जी सोय आहे ती वापरून तो कंपनीच्या मर्यादेत आणायला सांगा. येत नसेल तर उंची जास्त झाली, असा सरळ अर्थ घ्या. जे लोक फक्त मागचा भाग उचलतात त्यांच्यासाठी एक हिशोब: स्कॉर्पिओचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2680 मिलिमीटर आहे. मागून 40 मिलिमीटर उचललं की अख्खी गाडी जवळजवळ एक अंश पुढे झुकते आणि कॅस्टर तेवढाच घटतो.

टायरवरून हात फिरवून बघा, मशीनआधी तेच बरंच सांगून जातं. तळवा आतून बाहेर नेताना गुळगुळीत आणि उलट नेताना खडबडीत लागला, किंवा याच्या उलट, तर टो बिघडलाय. एकच कड सपाट खाल्ली असेल तर कॅम्बर. खराब रस्त्यावर प्रत्येक उंचवट्याला गाडी किंचित डावी-उजवी झटका देत असेल तर टाय रॉड जास्त तिरका झालाय. चाक वर-खाली होताना टो बदलत राहतो, आणि तो अलाइनमेंटने पूर्ण जात नाही.

आणखी एक. 235/65 चा व्यास साधारण 737 मिलिमीटर, 245/70 चा 775. मीटर आधी अचूक असेल तर आता तो ऐंशी दाखवतो तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात चौऱ्याऐंशीला असता.

त्याच आकड्यात डिफरन्शिअल घासण्याचं उत्तर आहे. मागचा अ‍ॅक्सल सलग आहे, डिफरन्शिअल त्याच्याच पोटात. स्पेसर बसतो स्प्रिंगपाशी, म्हणजे अ‍ॅक्सलच्या वर. तो बॉडी उचलतो, अ‍ॅक्सल जिथल्या तिथे राहतो. 40 चा टाका नाहीतर 100 चा, डिफरन्शिअल जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जाणार नाही. ते उचललंय फक्त टायरने, व्यासातल्या फरकाच्या निम्मं, म्हणजे 19 मिलिमीटर. मळ्याच्या वाटेसाठी स्पेसरचा उपयोग एवढाच की पायरी, बंपर आणि डिझेलची टाकी वर गेली. वाटेच्या मधला उंचवटा फावड्याने काढणं स्वस्त पडेल, आणि हे मी गंमत म्हणून म्हणत नाही.

मागच्या बाजूचं भरभर सांगतो. शॉकअप जुनेच आहेत, म्हणून चाकं लटकवून शॉकअपची लांबी मोजा, मग जमिनीवर उभी असताना मोजा. फरक 60 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर प्रत्येक खड्ड्यात शॉकअप पूर्ण ताणला जाऊन आतून ठोके खातोय. तसं असेल तर मागचे दोन, थोडे लांब शॉकअप घ्या, चार नको. गळती सापडली तर गोष्ट वेगळी. पॅनहार्ड दांड्यामुळे (मागचा अ‍ॅक्सल चेसिसखाली मधोमध धरणारा आडवा दांडा) अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो म्हणून लोक घाबरवतात. 40 च्या उंचीला तो तीन-चार मिलिमीटर सरकतो, झोप उडवून घेण्यासारखं त्यात काही नाही. पिकअप घेताना खालून थरथर जाणवली तर मात्र प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचे कोन तपासून घ्या.

जुन्या गाडीचे मालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: मागच्या अ‍ॅक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हला जाणारी काडी किंवा स्प्रिंग दिसली, तर तो वजन ओळखून मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आहे. गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीतही तो मागचा ब्रेक कमी देतो. काडीचा ब्रॅकेट तेवढ्याच मापाने सरकवावा लागतो. हे करणारा मी अजून दहात एकही पाहिला नाही.

कायद्याचंही विचारलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं. कलम 182ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. विमा कंपनीला लेखी कळवल्याशिवाय फिरू नका. अपघात झाला तर सर्व्हेअर पहिल्यांदा चकतीकडेच बोट दाखवतो.

तर शनिवारी सकाळी आधी वरचे नट उघडून आटे बघा, मग जमिनीवर बुश सैल करून आवळा, मग उंची मोजा. एवढं झाल्यावर 100 किलोमीटर चालवा, नटांना पुन्हा पाना लावा, आणि मगच अलाइनमेंटला जा. अलाइनमेंटहून आल्यावर संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइट खाली घ्या, पाच महिने समोरच्यांच्या डोळ्यांत मारताय. त्यानंतरही ‘टक्’ राहिला तर कणकेच्या गोळ्यांचे फोटो आणि अलाइनमेंटचा कागद पाठवा, शॉकअपचं तेव्हा ठरवू.